टॉवर ऑफ हॅरो

परदेशवारीत सगळ्यात मोठी बचत कशाने होते? तिकिटं सहा महिने आधी काढून नव्हे आणि मंगळवारचं विमान धरूनही नव्हे. कॉलेजच्या हॉस्टेलवर असताना योग्य माणसाला मेसच्या बिलापुरते पैसे उसने दिले की होते. हा माणूस पुढे लंडनला जातो, हॅरोमध्ये घर घेतो आणि एखाद्या शनिवारी रात्री भावनेच्या भरात ग्रुपवर लिहून जातो, "या की रे एकदा सगळे." तो सकाळी उठून विसरतो. आपण स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

आमच्या साताऱ्याच्या मावसभावाने असा स्क्रीनशॉट बरीच वर्षं मुरवला आणि 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत वटवला. तो, बायको, दोन मुलं, आणि "मी कशाला रे, माझे गुडघे" असं म्हणत सगळ्यांच्या आधी पासपोर्ट काढून बसलेली आमची मावशी. लंडनच्या हॉटेलात पाच माणसं म्हणजे दोन खोल्या, आणि तेवढ्या रात्रींच्या दोन खोल्या म्हणजे साताऱ्यात गच्चीवर एक खोली चढते. मैत्रीचं मोल पैशात करता येत नाही म्हणतात. बंधुराजांनी केलं होतं. एक्सेलमध्ये.

ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज राहणार कुठे, खर्च कोण करणार, मिळकत किती, सगळं विचारतो. मित्राकडे उतरणार असाल तर मित्राचं पत्र जोडायचं, घराचा पुरावा जोडायचा. इतक्या वर्षांच्या मैत्रीत रूममेटने याच्यासाठी लिहिलेलं हे पहिलं पत्र, आणि त्याचा मायना होता व्हिसा अधिकाऱ्याला. "सदर गृहस्थांना मी चांगले ओळखतो." हॉस्टेलमधलं कुणीही हे वाक्य शपथेवर लिहायला तयार झालं नसतं.

जाताना न्यायचं काय, यावर मात्र दोन्ही घरांत एकमत होतं. यजमानांच्या यादीत पहिलं नाव कंदी पेढ्यांचं. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हा नियम भाच्याने मुंबईच्या विमानतळावर मोबाइलमध्ये वाचून दाखवला. मावशीने तिथेच खोका उघडला, आपल्या पाच जणांना आणि शेजारच्या गुजराती कुटुंबाला पेढे वाटले, उरलेले स्वतः संपवले आणि म्हणाली, "आता काय तपासायचं ते तपासा म्हणावं." भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोकम आणि भाकरवडी मात्र सुखरूप पोचली.

आता मुद्द्याचं. लंडनला बघण्यासारखं काय आहे, असं त्या शहराची जाहिरात करणाऱ्यांना विचारलं तर ते राजवाडा, टॉवर, घड्याळ वगैरे सांगतील. मराठी कुटुंबाला ते सगळं फोटोपुरतं लागतं. आपण लंडनला जातो ते मित्राचं घर बघायला. लंडनची मोठमोठी म्युझियमं, म्हणजे ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, यांना प्रवेशमूल्य नाही, दारात फक्त देणगीची पेटी असते. हॅरोचं घर त्याच परंपरेतलं. देणगीदाखल भाकरवडी टाकायची आणि आत शिरायचं.

गाइड असतोच. उतरल्या दिवशी संध्याकाळी रूममेटने घराची फेरी घडवली. ही लाउंज. ही बॉक्स रूम, हिला इंग्रज खोली म्हणतात, आपण माळा म्हटला असता. हे बॉयलर. हा थर्मोस्टॅट, याला हात लावायचा नाही. हे कचऱ्याचे डबे, कुठल्या रंगात काय टाकायचं ते यावर लिहिलंय, आणि कुठला डबा कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायचा ते फ्रिजवर. बंधुराज टॉवर ऑफ लंडनमध्ये पुढे जेवढे गंभीर झाले नाहीत तेवढे गंभीर होऊन ऐकत होते. मग त्यांनी मराठी पर्यटकाचा तो एकमेव प्रश्न विचारला. "केवढ्याला पडलं?" आकडा पौंडात आला. पौंड तेव्हा शंभराच्या बराच वर होता. बंधुराज बोलायचे थांबले, ओठ हलत राहिले, आणि गुणाकार संपल्यावर त्यांनी भिंतीवर टकटक करून पाहिलं. पोकळ वाजली. साताऱ्याला जाऊन सांगायला एवढं पुरे होतं.

या संग्रहालयाचं सर्वांत गाजलेलं दालन बाथरूम. जमिनीला मोरी नाही, पाणी जायला भोक नाही. टब आहे, त्यात उभं राहून, पडदा आत घेऊन, पाय न घसरू देता आंघोळ उरकायची. एक तांब्या बाहेर सांडला तर तो खालच्या स्वयंपाकघराच्या छतातून भेटायला येतो. हॅरोच्या वहिनींनी हे मावशीला तीनदा समजावलं. मावशीने तीनदा ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग पाणी टाकायचं कुठे?" टॉयलेटमध्ये झाडांना पाणी घालायची छोटी हिरवी झारी होती. झाडं कुठे आहेत, असं आमच्या धाकट्या भाचीने विचारलं. लंडनच्या भारतीय घरांमधल्या या झारीवर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. ती जिथे असते तिथे बहुधा एकही कुंडी नसते.

स्वयंपाकघरात वेगळाच कायदा. फोडणी द्यायची तर आधी मागचं दार उघडायचं, जिन्याकडचं दार लावायचं, कोट वरच्या मजल्यावर न्यायचे, मगच मोहरी. मावशीने पहिल्या सकाळी कुणाला न उठवता पोहे टाकले. स्मोक अलार्मने उठवलं. रूममेट टॉवेल घेऊन छताला वारा घालतोय, त्याची मुलं पायऱ्यांवर कानांवर हात ठेवून बसलीत, आणि मावशी कढईसमोर निश्चल. "घरात स्वयंपाक झाला की भोंगा वाजतो होय? बरंय. जेवायला हाक मारायला नको."

दिवाळीत लंडन बघायचं म्हणजे गणित करावं लागतं. सकाळी साडेनऊच्या आधी ट्यूबचं भाडं जास्त, म्हणून निघायचं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात, त्यामुळे साडेचारला दिवेलागण. मधे सात तास उरतात. त्यातला एक पाच जणांना कोट, मफलर, हातमोजे घालण्यात जातो आणि एक, सगळे तयार झाल्यावर भाचीला बाथरूमला लागते म्हणून ते सगळं काढण्यात. रूममेट त्या वेळी वरच्या खोलीत कॅमेरा बंद करून ऑफिसच्या मीटिंगमध्ये असे. बंधुराजांची कुजबुज सातारी असल्यामुळे मीटिंगमधल्या पोलंडच्या सहकाऱ्यालाही "मोजा कुठंय रं" हे ऐकू गेलं म्हणतात.

टॉवर ऑफ लंडनला मात्र रजा टाकून तो स्वतः आला. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयाने टॉवर किती वेळा पाहिला यावरून त्याच्याकडे किती पाहुणे आले ते काढता येतं. एकटा तो कधीच जात नाही. गेटपर्यंत येतो, तिकिटांची रांग दाखवतो आणि म्हणतो, "तुम्ही या बघून. मी इथे कॉफी घेतो, दोन मेल करायचेत."

आत कोहिनूर आहे. राजमातेच्या मुकुटात बसवलेला, आणि त्याच्या समोरून सरकता पट्टा. उभं राहायचं, पट्टा नेईल तेवढा वेळ बघायचं, पुढे. फोटो काढायला बंदी. बंधुराज बाहेर आले ते याच दुःखात. हिरा इंग्रजांनी नेला याचा राग त्यांना शाळेपासून होता, पण फोटोही काढू देत नाहीत म्हणजे कमाल झाली. वहिनींची प्रतिक्रिया एका शब्दाची होती. "एवढाच?" ही प्रतिक्रिया तशी जुनी आहे. 1851 सालच्या मोठ्या प्रदर्शनात हाइड पार्कमध्ये तो ठेवला तेव्हा खुद्द लंडनकरही "हा चमकत कसा नाही" म्हणून हिरमुसले होते. राणीच्या नवऱ्याने मग तो नव्याने पैलू पाडून घेतला. 186 कॅरटचा हिरा 105 वर आला. गिऱ्हाइकाचं समाधान म्हणून निम्म्याच्या आसपास माल तासून टाकणारा दुसरा व्यापारी इतिहासात सापडणार नाही.

मावशी हिऱ्यापाशी रमली नाही. ती कावळ्यांपाशी रमली. टॉवरमध्ये डोमकावळे पाळतात. ते उडून गेले तर राज्य बुडेल अशी समजूत आहे, म्हणून किमान सहा कायम ठेवायचे, आणि ते फार लांब जाऊ नयेत म्हणून पंखांची काही पिसं थोडी कातरायची. त्यांच्या दिमतीला लाल-निळ्या गणवेशातला खास माणूस. मावशीने हे सगळं भाच्याकडून समजून घेतलं आणि बाकावर बसून बराच वेळ त्या कावळ्यांकडे पाहिलं. "आपण पिंड ठेवून दोन-दोन तास हात जोडून उभे राहतो, तर मेला येत नाही. आणि यांनी बांधूनच ठेवलाय." दहाव्याच्या घाटावर ताटकळलेल्या प्रत्येकाला ब्रिटिश साम्राज्याचं रहस्य या एका वाक्यात कळेल. भाचीने तिथल्या तिथे आजीला विचारलं की सहाच्या सहा कावळे शिवले तर काय होतं. मावशी म्हणाली, "मग माणसाला काहीच नको होतं."

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टची गंमत वेगळी. तिथे जायचा हट्ट रूममेटचा. आदल्या रात्री जेवताना तो म्हणाला, "उद्या तुम्हाला एक खास गोष्ट दाखवतो. महाराजांची वाघनखं."

"ती आमच्याकडं आहेत," बंधुराज म्हणाले.

"म्हणजे?"

"साताऱ्यात. जुलैत आली. आमच्या स्टँडजवळच्या संग्रहालयात. तीन वर्षांसाठी दिलीत तुमच्या लोकांनी."

आता 'तुमच्या लोकांनी' हे हॅरोच्या वहिनींना लागलं, पण त्या वाढत होत्या. रूममेटने विचारलं, "मग कशी आहेत रे? मी इतकी वर्षं इथे राहून नाही पाहिली."

बंधुराजांनी भाकरीचा तुकडा मोडला. आमच्या वहिनींनी पाणी घेतलं. शेवटी भाच्याने, ज्याला अजून घरातलं राजकारण कळत नाही, सांगून टाकलं. "आम्ही गेलोच नाही. बाबा म्हणाले गावातच आहेत, कधीही बघू."

ही वाघनखं साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला मिळाली, ती त्याच्याबरोबर ब्रिटनला गेली, त्याच्या वंशजाने संग्रहालयाला दिली, आणि 2024 च्या जुलैत समारंभाने साताऱ्याला परत आली. अफझलखानावर चालली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असं खुद्द लंडनचं संग्रहालय सांगतं. पण हीच काय किंवा तसलीच काय, ज्या गावाला ती बघायला मिळाली त्या गावचं एक पाच जणांचं कुटुंब त्याच दिवाळीत त्यांच्या रिकाम्या जागेच्या गावी पाहुणं होतं. दोन्ही मित्रांचं यावरून बराच वेळ काही बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे गेले आणि टिपूचा लाकडी वाघ बघून आले. तो गोऱ्या सोजिराच्या नरडीवर बसलाय, पोटात वाद्य आहे, आणि 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो उचलून आणला. भाची म्हणाली ट्रिपमधली बेस्ट गोष्ट हीच. हे मत तिने लेस्टर स्क्वेअरचं चॉकलेट-गोळ्यांचं चार मजली दुकान बघेपर्यंत टिकवलं.

लॉर्ड्सला फक्त दोघे मित्र गेले. तिथे शतक ठोकणाऱ्याचं नाव पॅव्हिलियनमधल्या फळीवर लागतं. वेंगसरकर तीनदा: 1979, 1982, 1986. रहाणे, 2014. आणि ज्याच्यासाठी बंधुराज एवढे पैसे भरून आत आले होते त्या सचिनचं नाव नाही, कारण लॉर्ड्सवर त्याचं कसोटी शतक नाही. अजित आगरकरचं मात्र आहे, 2002, नाबाद 109. दोघेही फळीसमोर उभे राहून आगरकरवर हॉस्टेलमध्ये व्हायचे तेच वाद घालत बसले, इतके की गाइड बाकीच्यांना घेऊन पुढे निघून गेला. रूममेटने संपूर्ण दुपारभर एकही माहिती सांगितली नाही, कुठल्या डब्यात काय टाकायचं हेही नाही.

एक जागा मात्र यादीत नव्हती. यूट्यूबवरच्या 'लंडन इन फाइव्ह डेज'मध्ये ती नसते, म्हणून आपल्या याद्यांतही नसते. 10, किंग हेन्रीज रोड. डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये शिकत असताना तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते घर विकत घेतलं, म्हणजे साताऱ्यातल्या करदात्याचाही त्यात विटेएवढा वाटा आहे. लंडनमध्ये घराचं संग्रहालय करायला कौन्सिलची परवानगी लागते. शेजाऱ्यांनी हरकत घेतली, कॅम्डन कौन्सिलने परवानगी नाकारली, आणि प्रकरण अपिलात जाऊन 2020 मध्ये संग्रहालय राहिलं. हॅरोहून शहरात जाणारी मेट्रोपॉलिटन लाइन फिंचले रोडला थांबते, तिथून फार लांब नाही. ज्यांनी मित्राच्या घरातला बॉयलर दहा मिनिटं पाहिला, त्यांना हे घर पाहायला वेळ मिळाला नाही. मी विचारलं तर बंधुराज म्हणाले, "आपलंच आहे की. कधीही बघू."

पाच नोव्हेंबरला रात्री हॅरोभर फटाके सुटले. दिवाळी उलटून गेली होती. मावशीला भरून आलं. "बघ, इंग्रजसुद्धा साजरी करतात." रूममेटच्या मुलीने तिच्या इंग्रजाळ मराठीत समजावलं, की नाही आजी, 1605 मध्ये एका माणसाला पार्लमेंट उडवायची होती, तो सापडला, म्हणून दर वर्षी त्याचा पुतळा जाळतात. मावशी म्हणाली, "म्हणजे नरकासुरच." मुलगी विचारात पडली. शाळेत बाईंना विचारते म्हणाली.

यजमानांबद्दल चार शब्द लिहायला हवेत, कारण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. तिकडे कायद्याने वर्षाला किमान अठ्ठावीस दिवस भरपगारी रजा, तीही बँक हॉलिडे धरून. त्यातल्या काही भारतात जाऊन स्वतःच्या नातेवाइकांकडे पाहुणा होण्यात जातात, उरलेल्या आलेल्या पाहुण्यांना टॉवर दाखवण्यात. मुलांनी आपली खोली दिली, ती हवेच्या गादीवर झोपली, आणि पहाटे गादीतली हवा जाऊन जमिनीला लागली. हॅरोच्या वहिनी तर दोन्ही बाजूंनी भाजल्या. पाहुण्यांनी काम केलं नाही तर राग, आणि केलं तर त्याहून. आमच्या वहिनींनी प्रेमाने सगळी भांडी हाताने घासून, पुसून, कपाटात लावून ठेवली. चुकीच्या कपाटात. पुढे महिनाभर त्या घरात झारा सापडत नव्हता, आणि फोन करून विचारायची सोय नव्हती, कारण विचारणं म्हणजे तक्रार.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा बाथरूमच्या वजनकाट्यावर चढल्या. काटा माणसांसाठी असल्यामुळे आधी बंधुराज एकटे, मग बॅग कडेवर घेऊन. तेवीस किलोच्या वर जे गेलं त्यात प्रायमार्कचे सतरा टी-शर्ट होते. बांगलादेशात शिवलेले, लंडनमध्ये घेतलेले, साताऱ्यात वाटायचे. निरोपाच्या वेळी सगळ्यांचे डोळे ओले झाले. हॅरोच्या वहिनींचे थोडे आधीपासूनच होते.

आणि परवा रूममेटचा निरोप आला. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी आहे, चौघे येतोय, हॉटेल वगैरे नको, तुझ्याकडेच राहू. कास बघू, वाघनखं बघू. कासची फुलं बहरायला तेव्हा थोडा अवकाश असतो आणि वाघनखं साताऱ्यातून केव्हाच हलली आहेत, पण हे कळवायचं कसं, यावर साताऱ्यात अजून चर्चा चालू आहे. दरम्यान आमच्या वहिनींनी रंगाऱ्याला बोलावलंय, पडद्यांचं माप दिलंय आणि "त्यांना चालेल ना हो आपलं" असं म्हणत फरश्या बदलायचा खर्च काढायला लावलाय. बंधुराजांचं एक्सेल पुन्हा उघडलं आहे, या वेळी उलट्या बाजूने.

मावशीला हे सगळं अनाठायी वाटतं. "रंगबिंग काही नको. मोरी मोठी आहे आपली. पोरांना एकेक बादली द्या आणि म्हणावं, ओता कुठंही."